श्रावण धरला आणि भावाला फिट आली. दारू घरीच सोडवावी की डॉक्टरकडे न्यावं?

अबोली_७ | २ ऑगस्ट, रात्री ११:४२

एरवी मी दुसऱ्या आयडीने पाककृतींच्या धाग्यांवर असते. माहेरची दोन माणसं इथे वाचतात म्हणून हा आयडी नवीन काढलाय. लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ ३९ वर्षांचा आहे. सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, बाबा गेल्यापासून तोच बघतो. भावजय, आठ वर्षांची भाची आणि आई असं घर. मी नाशिकला.

तो पितो हे सगळ्यांना माहीत होतं. पण दर वर्षी श्रावण कडक पाळायचा, महिनाभर थेंब नाही. आई तेवढ्या एका महिन्यावर उरलेले अकरा महिने खपवून घ्यायची. "व्यसनी माणसाला जमेल का असं? मनात आणलं की सोडतो तो." खोटं कशाला बोलू, मलाही ते पटायचं.

यंदा गटारीला जोरात झाली. अमावास्येच्या रात्री शेवटची घेतली आणि शुक्रवारपासून बंद. शुक्रवारी दिवसभर हात थरथरत होते, घाम, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. शनिवारी सकाळी दुकानाचं शटर वर करताना तिथेच कोसळला. दातखीळ, तोंडाला फेस. शेजारच्या चहावाल्याने कांदा फोडून हुंगवला, कुणीतरी चप्पल नाकाशी धरली. दवाखान्यात नेलं तर डोक्याचा सीटी स्कॅन नॉर्मल. डॉक्टरांनी विचारलं, "रोज किती घेतात?" आई म्हणाली, "कधीमधी." भावजय म्हणाली, "रोज एक क्वार्टर." दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर तो स्वतःच म्हणाला, "दोन. बाजाराच्या दिवशी तीन."

डॉक्टर म्हणाले, ही फिट दारूमुळे नाही, दारू एकदम बंद केल्यामुळे आली. चार दिवसांनी घरी सोडलं, झोपेच्या गोळ्या दिल्या आणि मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा म्हणून चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठी देवघरात पडून आहे.

आणि आता जे चाललंय त्यामुळे मी हा धागा काढलाय. आई डॉक्टरांच्या बोलण्याचा अर्थ असा लावून बसली आहे की बंद केली की फिट येते, म्हणजे बंद करायची नाही. ती रोज सकाळी साडेसातला औषधाच्या मापाने मोजून स्टीलच्या पेल्यात देते. चहाच्या आधी. मग त्याचे हात स्थिर होतात आणि तो दुकान उघडतो. परवा मी गेले होते तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. पेला विसळून तिने देवाच्या भांड्यांशेजारी पालथा घातला.

काका म्हणतात पंढरपूरला नेऊ, माळ घालू. मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर एका पावडरची जाहिरात पाठवलीय, 'आमटीत मिसळा, पिणाऱ्याला कळणारही नाही'. मी काय करू?

पिंपळपान | ३ ऑगस्ट, सकाळी ७:०५

वाचून काटा आला. आईंना दोष देऊ नका. इथे जाणकार आहेत, नक्की लिहितील.

इंद्रायणीकाठ | ३ ऑगस्ट, सकाळी ८:३१

ताई, डॉक्टर लोक साध्या गोष्टीचा आजार करतात. माझे सख्खे मामा वीस वर्षं पीत होते. आळंदीला माळ घातली, त्या दिवसापासून आजतागायत स्पर्श नाही. ना गोळी, ना ऍडमिट. माणसाच्या मनात पाहिजे. तुमचे काका बरोबर सांगतात.

निद्रानाश | ३ ऑगस्ट, दुपारी २:१८

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, सरकारी रुग्णालयात काम करतो. इथे लिहून उपचार होत नसतात, तरी काही गोष्टी आज सांगणं भाग आहे.

पहिली आणि तातडीची: दवाखान्याने दिलेल्या झोपेच्या गोळ्या आणि दारू एकत्र अजिबात नको. श्वास मंदावू शकतो. गोळ्या चालू असतील आणि आई पेलाही देत असतील, तर उद्याच डॉक्टर गाठा.

दुसरी. दवाखान्यातल्या डॉक्टरांचं निदान बरोबर आहे. दारू मेंदूला ब्रेक लावते. वर्षानुवर्षं ब्रेक दाबलेला राहिला की मेंदू बरोबरी साधायला अ‍ॅक्सिलरेटर वाढवत नेतो. मग एका रात्रीत ब्रेक काढला की गाडी उधळते. साधारण सहा-आठ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो. फिट बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. तुमच्या भावाचं तंतोतंत तसंच झालं. खरी भीती त्यानंतरची, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनची. माणूस भ्रमात जातो, भिंतीवर किडे दिसतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही, ताप चढतो. उपचार मिळाले नाहीत तर यात माणसं दगावतात. गावाकडे याला 'बाहेरचं काहीतरी' समजतात आणि मौल्यवान दोन दिवस अंगारे-धुपाऱ्यात जातात.

आता श्रावणाबद्दल. दर वर्षी एकदम बंद, मग पुन्हा सुरू, पुन्हा बंद, असं झालं की प्रत्येक वेळचा त्रास आधीपेक्षा वाढत जाताना दिसतो. समजा, आधीच्या वर्षी फक्त हात थरथरले, नंतरच्या वर्षी झोप उडाली, यंदा फिट. आईंना जो पुरावा वाटत होता तो धोक्याचा इशारा होता. एकदा फिट येऊन गेलेल्या माणसाने घरी सोडायचा प्रयत्न करू नये. ऍडमिट होऊन, देखरेखीखाली.

आईंनी मोजून देणं हा उपचार नव्हे. पण उद्या डॉक्टरांकडे पोचेपर्यंत कुणी आवेशात येऊन बाटली मोरीत ओतू नका, हेही तितकंच महत्त्वाचं.

रुग्णालयात काय करतात? दारूसारखाच पण मोजता येणारा ब्रेक लावणारी गोळी देतात, क्लोरडायझेपॉक्साइड किंवा यकृत खराब असेल तर लोराझेपाम, आणि ती आठ-दहा दिवसांत कमी करत आणतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-१, इंजेक्शनने. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात 'अशक्तपणा आहे, सलाईन लावून घेऊ' म्हणत नुसतं ग्लुकोज चढवू नका. थायमिन संपलेल्या शरीरात ते मेंदूला कायमची इजा करू शकतं.

पावडर: त्यात काय असतं कुणालाच माहीत नसतं. पुष्कळदा डायसल्फिरामसारखं औषध असण्याची शक्यता असते. ते घेतलेलं असताना दारू पोटात गेली की चेहरा लालबुंद, धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळतो. रुग्णाला सांगून, तपासण्या करून, त्याच्या संमतीने द्यायचं हे औषध आहे. आमटीतून दिलं तर जिवावरही बेतू शकतं. आणि ते बंद केल्यावरही साधारण दोन आठवडे परिणाम राहू शकतो.

इंद्रायणीकाठ | ३ ऑगस्ट, दुपारी ३:५०

म्हणजे माझे मामा खोटे का?

निद्रानाश | ३ ऑगस्ट, दुपारी ४:१२

नाहीत हो. दारू पिणाऱ्या प्रत्येकाला फिट येतेच असं नाही. आणि एक विचारतो, माळ घातल्यावर मामा काय करायचे?

आजचा_दिवस | ३ ऑगस्ट, रात्री ९:२०

ताई, मी तुमच्या भावाच्या बाजूचा माणूस. सोडून अकरा वर्षं झाली. त्याआधी सतरा वर्षं प्यायलो.

सकाळचा तो पेला माझ्याही घरी होता, फक्त मी स्वतःच ओतायचो. पहाटे पाचला जाग यायची, हात इतके कापायचे की झाकण उघडायला दात लागायचे. पहिला घोट उलटून पडायचा, दुसरा टिकायचा. चपटी कुठे कुठे ठेवली होती सांगू? फ्लशच्या टाकीत, स्कूटरच्या डिकीत, गणपतीच्या मखराच्या खोक्यात. बायकोला सगळ्या जागा माहीत होत्या हे मला सोडल्यानंतर कळलं.

मानसोपचार हा शब्द ऐकला की मी खवळायचो. वेडा आहे का मी? शेवटी पोट तपासायच्या निमित्ताने गेलो. सरकारी हॉस्पिटलचा केस पेपर काढला, दोन तास रांगेत. डॉक्टरला निम्माच आकडा सांगितला. तो न बघता म्हणाला, "म्हणजे याच्या दुप्पट धरू." त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, या माणसाला माहितीय.

दहा दिवसांत अंगातून गेली. डोक्यातून नाही. इथेच सगळे फसतात. घरचे म्हणतात, झालं, बरा होऊन आला, आता कामाला लाग. माझी खरी सुरुवात त्यानंतर झाली, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगमध्ये. एका शाळेच्या वर्गात, पहिलीच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेले बाप्ये, भिंतीवर बाराखडी. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव विचारत नाहीत. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारुडे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून हे सुरू झालं. मराठीतून चालणारे गट महाराष्ट्रात भरपूर आहेत. घरच्यांसाठी अल्-अनॉन वेगळं असतं.

आणि हो, चौदा महिन्यांनी मी घसरलो होतो. चुलतभावाच्या हळदीत. पुन्हा गेलो. कुणी हसलं नाही, चहा पुढे केला.

कढीलिंब | ४ ऑगस्ट, सकाळी १०:४४

मी बायकोच्या बाजूने लिहिते. ऍडमिट करायचं ठरलं तर कुठे, ते नीट बघा.

आम्ही चुकलो. दिरांनी इंटरनेटवर शोधून हायवेलगतचं एक केंद्र गाठलं. नाव लिहीत नाही. 'पेशंट आम्हीच घेऊन जातो' म्हणाले. रात्री अकराला चार माणसं गाडी घेऊन आली. झोपेतून उठवून, हात मागे बांधून नेलं. सोसायटीच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. माझा मुलगा दारात उभा होता. तीन महिने फोन नाही, भेट नाही. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे म्हणे, ह्यांनी एकदाच पाहिले. परत आले ते गप्प, वजन उतरलेलं. पाचव्या दिवशी प्यायले. त्यांना मारलं होतं हे मला दीड वर्षाने कळलं.

नंतर वकिलांकडून समजलं की हे बेकायदा होतं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारूच्या व्यसनाशी निगडित आजारालाही लागू आहे. माणूस राजी असेल तर तो स्वतः दाखल होतो. राजी नसेल आणि अवस्था खरंच गंभीर असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एका तज्ज्ञाने वेगवेगळं तपासून मर्यादित काळासाठीच दाखल करता येतं, सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस. 'उचलून नेणं' यात कुठेच बसत नाही.

म्हणून आधी स्वतः जाऊन बघा. रात्री डॉक्टर कोण असतो, विचारा. नोंदणीचा कागद मागा. राहायच्या खोल्या दाखवत नसतील तर मागे फिरा.

दुसऱ्या वेळी हे स्वतःच्या पायाने मुक्तांगणला, पुण्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात गेले. तिथे ३५ दिवसांचा कार्यक्रम असतो. मीही सहचरींच्या गटात बसले. दारू ते पीत होते आणि अकरा वर्षांत मी पोटभर जेवले नव्हते, हे मला तिथे बोलल्यावर समजलं.

मांडवी | ४ ऑगस्ट, दुपारी १:०९

अवांतर: आमच्या गोव्यात तर दारू स्वस्त, कोपऱ्याकोपऱ्यावर बार आणि वर 'गोंयकार पिऊन बिघडत ना' ही शेखी. उर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या सीझनमध्ये माझा बाप एप्रिल-मे आम्हाला दिसायचाच नाही. त्याला कुणी कधी डॉक्टरकडे नेलं नाही. ५२ व्या वर्षी लिव्हरने गेला. घेऊन जा, ताई.

हिशेबनीस | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३३

पैशांचं बोलतो, कारण कुणी बोलत नाही. मेडिक्लेमवर फार विसंबू नका. बहुतेक पॉलिसींत दारू-ड्रग्जच्या उपचाराचा खर्च वगळलेला असतो, शब्दरचना वाचा. पण त्या भीतीने 'केस पेपरवर दारू लिहू नका हो' असं डॉक्टरांना विनवू नका. घरोघरी हे होतं. मग ड्यूटीवरच्या नव्या डॉक्टरला कळतच नाही की फिट येऊ शकते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, खर्च नाममात्र. फोनवर विचारायचं तर मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलि-मानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, दोन्ही मोफत.

२०१९ च्या केंद्र सरकारच्या पाहणीत दारूचं अवलंबित्व असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं आलं होतं. आकडे वाचायची मला सवय आहे, पण हा वाचून थांबलो होतो.

अबोली_७ | ५ ऑगस्ट, रात्री १२:१५

सगळ्यांचे उत्तर वाचले, आईलाही वाचून दाखवले. गोळ्या ती देतच नव्हती, 'दोन्ही कसं द्यायचं' म्हणून. नशीब. पण त्याच्याशी बोलायचं कसं? दारूचा विषय काढला की ताटावरून उठतो.

आजचा_दिवस | ५ ऑगस्ट, सकाळी ६:५०

दारूचा काढूच नका. त्याला स्वतःला कशाची भीती वाटते ते बघा. शटरसमोर अख्ख्या बाजारात पडला, ती असेल. त्यावर बोला. वेळ सकाळची, पेल्यानंतर तासाभराने. रात्री कधीच नाही. आणि एकाच माणसाने बोलायचं, पंचायत भरवायची नाही.

इंद्रायणीकाठ | ६ ऑगस्ट, रात्री ८:०२

डॉक्टरसाहेब, मामांना फोन करून विचारलं. माळ घातल्यावर दर एकादशीला भजन, दर वर्षी पायी वारी. पहिल्या वर्षी दिंडीतले एक बुवा रोज संध्याकाळी सातला घरी येऊन बसायचे. मामा पूर्वी सातला बसायचे पिणाऱ्यांत. दोन वर्षं बुवांनी एक दिवस चुकवला नाही म्हणे. हे मला माहीत नव्हतं. आणि सोडताना मामांना आठ दिवस भ्रम झाला होता, खोलीत कोंडून ठेवलं होतं. मामी म्हणाली, वाचले हे विठ्ठलाने. माझे शब्द मागे घेतो असं नाही, पण आधी दवाखाना, मग माळ असं म्हणतो.

निद्रानाश | ६ ऑगस्ट, रात्री १०:४०

त्या बुवांना माझा नमस्कार सांगा. आमच्याकडे समुपदेशकाच्या जागा रिकाम्या आहेत.

अबोली_७ | १२ ऑगस्ट, रात्री १०:५८

काल ऍडमिट झाला. थोडक्यात लिहिते.

शुक्रवारी रजा टाकून गेले. शनिवारी राखीपौर्णिमा होती, ओवाळताना म्हटलं, "मला ओवाळणी नको. परत फिट येऊ नये म्हणून एकदा डॉक्टरकडे चल." दारू हा शब्द काढला नाही. बराच वेळ तो भाचीच्या राखीचा गोंडा कुरतडत बसला. मग म्हणाला, "तू येणार असशील तर." सोमवारी पुण्याला गेलो. डॉक्टरांनी आधी त्याला एकट्याला, मग भावजयीला एकटीला बोलावलं. आईला बाहेर बसवलं याचा तिला राग आला. यकृताला सूज आहे, पण अजून सुधारण्यासारखं आहे. आधी रुग्णालयात अंगातून काढणार, मग तिथूनच ३५ दिवसांसाठी केंद्रात. केंद्र मी आधी बघून आले, रात्रपाळीच्या डॉक्टरांना भेटले. कढीलिंब, तुमच्यामुळे.

पिंपळपान | १२ ऑगस्ट, रात्री ११:१०

शाब्बास ताई!!

अबोली_७ | २५ ऑगस्ट, दुपारी ३:२५

परवा गणपती. आई रडतेय, घरातला कर्ता मुलगा बाहेर आणि मूर्ती कोण आणणार. पाहुण्यांना काय सांगायचं यावरून वाद. काकांनी 'पेंट कंपनीच्या ट्रेनिंगला गेलाय' असं ठरवलंय.

आजचा_दिवस | २५ ऑगस्ट, रात्री ९:०३

माझ्या वेळी 'गुजरातला गेलाय' सांगितलं होतं. परत आल्यावर लोक विचारायचे, काय आणलं गुजरातहून? ती खोटी गोष्ट सांभाळता सांभाळता एकदा पिऊ की काय असं झालं. सगळ्या गावाला सांगू नका, पण जे चार जण घरात बसून जेवतात त्यांना सरळ सांगा. मूर्ती भाचीला आणू द्या.

अबोली_७ | २८ सप्टेंबर, रात्री ९:३७

घरी येऊन चार दिवस झाले. मूर्ती भाचीनेच आणली होती, फोटो त्याला भेटीच्या दिवशी दाखवला.

सगळं छान आहे असं लिहिणार नाही. झोप कमी आहे, चिडतो, दुकानात पहिल्या दिवशी तासभर बसून घरी आला. भावजय अजून त्याचं तोंड हुंगते, आणि हे त्याला कळतं. जुने दोस्त शटरपाशी घुटमळतात. दिवाळीत डीलर लोक बाटल्यांचे बॉक्स पाठवतात, त्याचं काय करायचं हा प्रश्न आत्तापासून आहे. त्याने स्वतःच तिघांना फोन करून सांगितलं, यंदा काजूकतली पाठवा. चौथ्याला करायचं धाडस झालं नाही म्हणाला.

आजचा_दिवस, तुमचा व्यनि (खासगी निरोप) मिळाला. तिकडच्या गटाचा नंबर त्यालाच दिलाय, मी फोन लावला नाही.

आता आईचा प्रश्न. ओढ कमी करणाऱ्या गोळ्या लिहून दिल्यात, दिवसातून तीन वेळा. आई सकाळची गोळी साडेसातला त्याच पेल्यातून पाणी देऊन घ्यायला लावते. ती विचारतेय, चहाच्या आधी की नंतर?

निद्रानाश | २८ सप्टेंबर, रात्री ११:२०

चहानंतर, पोटात काही असलं की बरं. बाकी वेळा चिठ्ठीप्रमाणे, बदल करायचा तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारून. पेला मात्र दुसरा घ्या.

अबोली_७ | २९ सप्टेंबर, सकाळी ८:१५

सांगितलं. म्हणाली, चांगला जाड बुडाचा आहे, टाकायचा कशाला. भाचीच्या रंगाच्या ब्रशांना दिलाय.